म्हाताऱ्या कुत्र्यांचा कुशिंग आणि तपासणीची सोय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागात नीट देखभाल मिळालेली दहा-बारा वर्षांची कुत्री आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. मात्र अशा कुत्र्याला सारखी तहान लागू लागली, पोट सुटले, अंगावरचे केस विरळ झाले आणि पायरी चढताना मागचे पाय थरथरू लागले, की बहुतेक घरांत ‘आता वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो. ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर त्यामागे कुशिंग नावाचा आजार असू शकतो. तो सहसा मुळापासून बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो, आणि आटोक्यात ठेवण्याचे काम जितके औषधावर तितकेच वेळोवेळी होणाऱ्या तपासणीवर अवलंबून असते. नेमकी ही तपासणीच आपल्याकडे अवघड होऊन बसली आहे, म्हणून हे पत्र.

शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिले की हा आजार होतो. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदांनी १९३२ मध्ये माणसांतील या विकाराची मांडणी केली, त्यावरून हे नाव पडले. कुत्र्यांत आपोआप उद्भवणाऱ्या कुशिंगपैकी ८० ते ८५ टक्के प्रकरणांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर बारीकशी गाठ असते आणि ती मूत्रपिंडांजवळच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथींना विनाकारण कामाला जुंपते. उरलेल्यांत गाठ थेट अॅड्रिनल ग्रंथीवरच असते. पूडल, डॅशहुंड, बॉक्सर, बीगल या जातींत तो अधिक आढळतो, पण गावठी कुत्र्यालाही होतो.

तिसरा प्रकार माणसांनी निर्माण केलेला आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात, ओल, गोचीड आणि खरूज यांमुळे कुत्र्यांची खाज वर्षाचे निम्मे दिवस सुरू असते. मग ‘खाजेचे इंजेक्शन’ दिले जाते, दोन दिवसांत कुत्रे शांत होते, घरचेही समाधानी होतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच इंजेक्शन मागितले जाते. ते बहुधा स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे औषध, असते. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली माणसांची मलमे, इतकेच काय कानांत घालायचे काही थेंबही दीर्घकाळ वापरले तर कुत्र्यात कुशिंगची सगळी लक्षणे उभी करतात. योग्य आजारात, योग्य मात्रेत स्टेरॉइड हे जीव वाचवणारे औषध आहे, त्यामुळे माझा आक्षेप औषधाला नसून खाजेचे कारण न शोधता ते वारंवार टोचण्याला आहे. मात्र हे वाचून कोणी चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंद करू नये, ही कळकळीची विनंती. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. औषध अचानक थांबले तर शरीराला कॉर्टिसॉलच मिळत नाही आणि जिवावर बेतते. पशुवैद्यांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते.

संशय आल्यास पहिले काम घरातच करता येते, ते म्हणजे पाणी मोजणे. निरोगी कुत्रे दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. हे प्रमाण १०० मिलिलिटरच्या वर गेले तर ते नक्कीच जास्त आहे. आमच्या घरची डॅशहुंड कुत्री म्हातारपणी या आजाराने गाठली, तेव्हा आम्ही सकाळी बाटलीने मोजून एका पातेल्यात पाणी ठेवत असू आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजून वजा करत असू. मोजणीच्या काळात पागोळ्यांखालची बादली, न्हाणीघरातले घंगाळ आणि अंगणातली डबकी यांपासून कुत्र्याला लांब ठेवावे लागते, नाहीतर सगळा हिशेब वाया जातो. पावसात हे सोपे नाही. आणि कितीही लघवी होत असली, घरात कितीही ओले होत असले, तरी पाणी तोडू नये. या कुत्र्यांची लघवी तहानेमुळे वाढलेली नसते, लघवी वाढल्यामुळे तहान लागते.

तहान वाढण्याची कारणे अनेक आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणे, यांतही कुत्रे पाण्यावर तुटून पडते, आणि शेवटच्या प्रकारात तर एक दिवसही दवडून चालत नाही. म्हणून केवळ पोट सुटलेले पाहून कुशिंगचे औषध सुरू करणे धोक्याचे आहे. सकाळच्या पहिल्या लघवीतील कॉर्टिसॉलची तपासणी हा चांगला पहिला टप्पा आहे. हा नमुना घरीच घ्यावा, कारण दवाखान्यातल्या धास्तीनेच कॉर्टिसॉल वाढते. लांब काठीला बांधलेली पळी कुत्री बसल्यावर हळूच खाली सरकवली की काम होते, शेजाऱ्यांच्या नजरा मात्र सोसाव्या लागतात. ही तपासणी निर्दोष आली तर कुशिंग जवळपास नाही असे धरता येते; सदोष आली तर मात्र तेवढ्याने तो सिद्ध होत नाही. मग डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची अल्प मात्रा टोचून त्याआधी, चार तासांनी आणि आठ तासांनी रक्त घ्यावे लागते, आणि सोनोग्राफीत अॅड्रिनल ग्रंथींचा आकार पाहावा लागतो.

उपचारांत सध्या ट्रायलोस्टेन हे मुख्य औषध आहे. ते अॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होण्याची क्रियाच रोखते. कॅप्सूल अन्नासोबत द्यावी, कारण रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ती फोडून अंदाजाने अर्धी करू नये. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. औषध हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरातील गर्भवती स्त्रीने ते हाताळूच नये. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आधीच असेल, अथवा हृदयासाठी एनालाप्रिल, बेनाझेप्रिल यांसारखी औषधे चालू असतील, तर ते पशुवैद्यांना आधी सांगितलेच पाहिजे.

खरी जोखीम पुढे आहे. औषध कमी पडले तर आजार तसाच राहतो, जास्त झाले तर कॉर्टिसॉल धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. कुशिंगचे कुत्रे मुळात खादाड झालेले असते, त्यामुळे उपचारानंतर त्याची भूक माणसात आली तर ते सुचिन्ह समजावे. पण त्याने समोरचे अन्न नाकारले, उलटी-जुलाब झाले, ते मलूल होऊन पडून राहिले, तर पुढची कॅप्सूल देऊ नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठावे. ‘एक दिवस लंघन घडले तर बरेच’ हा आपला घरगुती सल्ला इथे चालत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वाढलेल्या कॉर्टिसॉलने सांध्यांची सूज आणि जुनी खाज दाबून धरलेली असते. उपचार लागू पडले की ती वर येते आणि कुत्रे लंगडू लागते. अशा वेळी घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे आहे.

म्हणून औषध सुरू झाल्यावर साधारण १० ते १४ दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी कॉर्टिसॉल आणि रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासणे अपेक्षित असते. तपासणीच्या दिवशी कॅप्सूल किती वाजता दिली हे लिहून ठेवणे आवश्यक असते, कारण पुष्कळदा रक्त त्यानंतर चार ते सहा तासांनी घ्यायचे असते. तहान आणि भूक पहिल्या काही आठवड्यांत उतरते, केस यायला मात्र कित्येक महिने लागतात. याच टप्प्यावर अनेक घरे तपासण्या सोडून देतात. एक तर कुत्रे बरे दिसते म्हणून, किंवा केस येत नाहीत म्हणून. दोन्ही कारणे चुकीची आहेत. उलट, रक्ताचा अहवाल संशयास्पद असूनही कुत्र्याला कोणताच त्रास नसेल तर काही काळ औषधाविना नजर ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. आहाराबद्दल थोडक्यात: चरबी कमी, प्रथिने चांगली, कोंबडीची कातडी, तळण आणि लाडाने दिलेला कुंदा, तिन्ही बंद.

आता सोयीविषयी. आमच्या कुत्रीचे नमुने बर्फात घालून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत, औषधही बाहेरून मागवावे लागे. ज्यांना कोल्हापूर, धारवाड किंवा गोवा गाठणे परवडत नाही, त्यांची कुत्री अंदाजाने औषध घेतात किंवा काहीच घेत नाहीत. वास्तविक कॉर्टिसॉल माणसात आणि कुत्र्यात रासायनिकदृष्ट्या एकच आहे, आणि माणसांसाठी ते मोजण्याची सोय बेळगावसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या शहरात आहेच. निष्कर्ष कुत्र्यांच्या मापाने लावणारे पशुवैद्य आणि त्यासाठी यंत्राची पडताळणी करून घेणारी प्रयोगशाळा यांची सांगड घातली पाहिजे. पशुसंगोपन खात्याने जिल्हा पातळीवरील पशुवैद्यकीय रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस हार्मोन तपासणीच्या नमुन्यांसाठी ठेवावा, नमुने थंड अवस्थेत पाठवण्याची जबाबदारी घ्यावी आणि राज्याच्या बिदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मार्गदर्शन घ्यावे. गायी-म्हशींच्या कामाचा भार या रुग्णालयांवर आधीच मोठा आहे आणि तो आधी, याची मला जाणीव आहे. मागणी एका दिवसाचीच आहे, आणि त्याचे रास्त शुल्क घेण्यास कोणाचीही हरकत नसावी.

सोबत धोक्याच्या लक्षणांचे एक पानी पत्रक कन्नडबरोबर मराठीतही द्यावे. यात वाद उकरण्याचा हेतू नाही. दिवसभर कुत्र्याजवळ घरातले आजी-आजोबा असतात, कॅप्सूल तेच देतात, आणि ‘आज जेवत नाही’ हे प्रथम त्यांच्याच लक्षात येते. त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत पुढच्या कॅप्सूलचे काय करायचे ते लिहिलेले असावे. आपल्या दैनिकाने हा विषय संबंधित अधिकाऱ्यांच्या कानावर घालावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव