पूर्वनियोजन आणि नशीब यांची गल्लत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला दैववादावरचा लेख वाचला. लेख एरवी मेहनतीने लिहिलेला आहे. पण कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, या ख्रिस्ती धर्मातल्या निवडीच्या सिद्धांताला लेखकाने दोन वाक्यांत निकालात काढले आहे. एक, हा विधिलिखिताचाच पाश्चात्त्य अवतार. आणि दोन, तो सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या डोक्यातून निघाला. मी बरीच वर्षे मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चमधल्या) तरुणांचा बायबल वर्ग घेतो, त्यामुळे दोन्ही समज ओळखीचे आहेत. तरी छापून आल्यावर गप्प बसवत नाही.

कॅल्विनचे आधी उरकतो. ‘जगाच्या स्थापनेपूर्वी’ देवाने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडले, हे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टिन पेलाजियस या संन्याशाशी भांडला तो याच कृपेवरून, म्हणजे माणूस आपल्या बळावर तरतो की देवाच्या देणगीने, यावरून. माणसाची इच्छा स्वतंत्र नाही, असे धर्मसुधारक लूथरने १५२५ मध्ये विद्वान इरॅस्मसला ठणकावले तेव्हा कॅल्विन सोळा वर्षांचा पोरगा होता. त्याने मांडणी काटेकोर केली, एवढे श्रेय (किंवा दोष) त्याचे. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत हा विषय कुठे येतो तेही बघण्यासारखे आहे: प्रार्थनेवरच्या लांबलचक प्रकरणाला लागूनच. सगळे ठरलेले आहे तर मागायचे कशाला, असे त्याला वाटत असते तर त्याने त्यावर इतकी पाने खर्ची घातली नसती.

विधिलिखिताचा मुद्दा मात्र मुळावर येतो. नशीब फुटते, फळफळते, उघडते. पण ते कोणाला हाक मारत नाही. शास्त्रात निवड आहे तिथे निवडणारा आहे. म्हणून तर मंडळीच्या बोलीत ‘निवड’ म्हटले की पाठोपाठ ‘पाचारण’ येते. इस्राएलच का निवडला? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडके होता. परमेश्वराची तुमच्यावर प्रीती होती म्हणून. आणि प्रीती का, तर प्रीती होती म्हणून! तर्कशास्त्राच्या पेपरात या उत्तराला भोपळाच मिळेल. पण ज्याची निवड झाली त्याला मिरवायलाही यात काही उरत नाही, आणि पौलाला नेमके तेच हवे आहे.

‘मग माणसाने हातपाय हलवायचेच कशाला?’ असा लेखकाचा सवाल आहे. यावर मी वर्गात प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय उघडतो. कैदी पौलाला रोमला नेणारे जहाज वादळात सापडले आहे. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. पौल म्हणतो, देवदूताने मला सांगितले आहे, जहाज जाईल पण माणूस एकही जाणार नाही. जहाजावर २७६ जण. चौदाव्या रात्री खोली मोजतात तर वीस वाव पाणी, थोडे पुढे गेल्यावर पंधरा. खलाशी पुढून नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडतात. बेत पळून जाण्याचा. आता एकही जीव जाणार नाही म्हणणारा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या रोमी अधिकाऱ्याला बजावतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी वाहून जाते. सकाळी जहाज वाळूत रुतून फुटते, आणि कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सगळेच्या सगळे किनाऱ्याला लागतात. वचन पक्के होते, तरी दोर कापावाच लागला. ज्याने किनारा नेमला त्यानेच फळ्याही नेमल्या होत्या, असे मी मुलांना सांगतो.

मिशनरी विल्यम कॅरी निवड मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथीयांपैकी, पूर्वी जोडे शिवणारा. सुवार्तेसाठी ‘साधने’ वापरणे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, हे पटवायला त्याने १७९२ मध्ये पुस्तिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी भारत गाठला. देव आपली माणसे आपणच आणील म्हणत तो घरी बसला असता, तर बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ चे त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश निघालाच नसता.

हा सिद्धांत माणसाला गर्विष्ठ करतो, असेही लेखकाने सुचवले आहे. करतो कधीकधी, नाकारत नाही. पण मला जास्त भेटली ती भीती. एकदा वर्ग सुटल्यावर एक मुलगा खुर्च्या रचत मागे रेंगाळला. शेवटची खुर्ची ठेवून म्हणाला, “सर, मी यादीत नसेनच तर?” मी त्याला नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या, कॅल्विनच्या मताच्या धर्मसभेचे ठराव काढून दिले. १६१८-१९ ची ही सभा कडकपणासाठी बदनाम. पण पहिल्याच प्रकरणातले सोळावे कलम अशांसाठीच लिहिलेले आहे. ज्यांना जिवंत विश्वास अजून नीट जाणवत नाही, पण देवाची ओढ आहे, त्यांनी या शिकवणीने घाबरू नये. देव चेपलेला बोरू मोडत नाही, मिणमिणती वात विझवत नाही. निवड ख्रिस्ताच्या आरशात पाहायची, असे कॅल्विनही सांगतो. यादी चाळायला कोणालाच दिलेली नाही. मुलाने कलम दोनदा वाचले आणि विचारले, “मिणमिणती म्हणजे नुसता धूर येतो तशी ना?” तो अजून वर्गाला येतो. शंका घेऊनच येतो.

राहता राहिले, ज्यांना निवडले नाही त्यांचे काय? हा प्रश्न लेखकाने विचारला असता तर मी हे पत्र जपून लिहिले असते. ‘मग तो (देव) दोष का लावतो?’ हा आक्षेप खुद्द पौलाने रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात घेतला आहे, आणि मातीने कुंभाराला जाब विचारू नये, हा दाखला त्याने दिला तरी टोचणी जात नाही. सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, हेही त्याच शास्त्रात आहे. इंग्लंडमधला प्रचारक जॉन वेस्ली याने १७३९ मध्ये मुक्त कृपेवर प्रवचन करून साफ सांगितले की ही शिकवण देवाला सैतानाहून वाईट ठरवते. त्यावरून निवड मानणाऱ्या, जिवाभावाच्या सहप्रचारक जॉर्ज व्हाइटफील्डशी त्याचे बिनसले. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये स्मरण-प्रवचन केले ते वेस्लीनेच.

मी व्हाइटफील्डच्या बाजूचा. तरीही लेखकाला पुन्हा या विषयावर लिहायचे असेल तर विधिलिखित बाजूला ठेवून वेस्लीचे ते प्रवचन त्यांनी जरूर हाताशी घ्यावे. घाव निदान खऱ्या जागी बसेल, आणि मलाही उत्तर द्यायला घाम फुटेल.

आपला,
एक नियमित वाचक