सेझानचं वाकडं टेबल

सांगली

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधून तू पाठवलेला फ्रेंच चित्रकार सेझानच्या ‘सफरचंदांची टोपली’चा फोटो आईला दाखवला. “टेबल मोडकं आहे का रे हे?” हा तिचा पहिला प्रश्न. तुझाही तोच, जरा आडून: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत स्थिरचित्राच्या पेपरात कुणी असं काढलं असतं तर बाबा, तुम्ही किती मार्क दिले असते?

कमीच दिले असते. टेबलाची कड कापडाखाली शिरली की पलीकडून त्याच रेषेत बाहेर यायला हवी आणि बाटली ओळंब्यात उभी हवी, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. आजही तेच शिकवीन. सेझानला ते येत नव्हतं असं मात्र समजू नकोस. त्यानं फ्रान्समधल्या एक्स नावाच्या गावी चित्रशाळेत रीतसर रेखाटनं गिरवली होती.

आता फोटो मोठा करून बघ. पुढची कड डावीकडे एका पातळीवर आहे, उजवीकडे दुसऱ्या. बाटली कललेली. मागच्या बशीतली बिस्किटं बघ, खालचा थर समोरून पाहिल्यासारखा आहे आणि वरची बिस्किटं वरून डोकावून पाहिल्यासारखी. आम्ही मुलांना सांगतो, डोळा एका जागी ठेवा. पण तासभर एखाद्या गोष्टीकडे पाहणारा माणूस मान हलवतोच, पुढे वाकतो, मागे रेलतो. सेझाननं त्या सगळ्या वेळचं पाहणं एकाच कॅनव्हासवर राहू दिलं. १८९३च्या सुमाराचं हे चित्र. पुढे पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी हाच धागा पकडला.

माझ्या मते तर टेबलावर उगाच जास्त बोललं जातं. खरी गंमत सफरचंदांत आहे. आपल्याकडची मुलं छाया दाखवायची म्हणून लालमध्ये काळा कालवतात आणि फळ सडल्यासारखं दिसतं. इथे लाल वळता वळता नारिंगी होतो, मग पिवळा, कुठे हिरवा. गोलाई रंगानंच येते. पांढऱ्या कापडावर ती फळं कशी घट्ट बसलीत बघ! उचलायला जावं तर वजन लागेल.

आणि हे सगळं फार सावकाश चालायचं. फळांना हवा तसा कल यावा म्हणून तो त्यांच्याखाली नाणी सरकवायचा, असं एका तरुण चित्रकारानं लिहून ठेवलंय. व्होलार या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट करताना ११५ बैठका झाल्या. तो बिचारा एकदा पेंगून खुर्चीवरून पडला, तर सेझान त्यालाच ओरडला की सफरचंद कधी हलतं का! ही हकीकत खुद्द व्होलारनंच सांगितलेली, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाल.

इतका वेळ त्याला परवडला कसा? वडिलांमुळे. टोप्यांच्या धंद्यातून वर येऊन त्याचा बाप लुई-ओग्युस्त एका बँकेचा मालक झाला होता. मुलानं वकील व्हावं ही त्याची इच्छा. मुलगा पॅरिसला गेला, तरी दरमहा पैसे जात राहिले. १८७८ साली म्हाताऱ्यानं मुलाच्या नावचं पत्र फोडलं, तेव्हा त्याला कळलं की मुलाला बाई आहे आणि सहा वर्षांचा पोरगाही आहे. त्यानं पैसे निम्मे केले. पत्र फोडणं मला पटत नाही. पण एकोणचाळिसाव्या वर्षीही घरून पैसे घेणाऱ्या मुलानं नातू लपवून ठेवला, तर बाप चिडणारच. १८८६ साली तो गेला आणि वारशामुळे सेझानची पोटापाण्याची चिंता कायमची मिटली. पॅरिसमध्ये व्होलारकडे त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरलं ते १८९५ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी. हे चित्र त्यात होतं. तोपर्यंत चित्रं खपली काय, न खपली काय, चूल पेटतच होती. टीकाकार सेझानच्या जिद्दीवर पानंच्या पानं लिहितात. बापाच्या पैशाला एखादी ओळ मिळते.

पुन्हा गेलास तर चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सही बघ, सेझान क्वचितच सही करायचा. हे चित्र ज्या संग्रहातून तिथे आलं, त्याच संग्रहातलं सरा या फ्रेंच चित्रकाराचं मोठं चित्रही तिथेच आहे, नदीकाठची रविवारची माणसं. ते ठिपक्यांनी काढलंय. आधी जवळून बघ, मग लांबून, आणि काय दिसलं ते सविस्तर लिही. फोटो नुसते पाठवू नकोस.

आई म्हणते, भडंगाचं पार्सल पोचलं का ते कळव.

तुझे,
बाबा