परदेशी विद्यार्थी आणि गावची मुले

महोदय,
भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर परदेशी तरुण आपले संगीत शिकायला येतात. तरीही खोलीभाडे, व्हिसाची कागदपत्रे आणि पहाटेचा रियाज चालवून घेणारा घरमालक, हे प्रश्न उरतातच. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी आपल्या शेजारी, तानपुरे घडवणारी मिरज आणि धारवाडही जवळच. मग या परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारा न्यास बेळगावातच उभा राहावा. त्यांनी आठवड्यातून एकदा मराठी आणि कन्नड, दोन्ही शाळांतल्या मुलांबरोबर गावे, वाजवावे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाने तर अंध मुलांना जेवणखाण, निवारा देऊन गवई केले! खानापूर, निपाणीकडच्या किती मुलांनी पेटीला हात लावला असेल? अशा न्यासाला माझी पेटी द्यायला मी आनंदाने तयार आहे.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव