थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वेळेत वर्गात बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून मी गेल्या वर्षी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. सध्या चौथं सेमिस्टर चालू आहे. उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की डिप्लोमा झालेली मुलं पुन्हा 'डीएसई'च्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या, फॉर्मच्या मागे लागतील. ती नव्या कॉलेजात येतील तेव्हा त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे संबंधितांना वेळ हातात असतानाच कळावं म्हणून आत्ता लिहिते आहे.

या प्रवेशाबद्दल बऱ्याच पालकांना नीट माहिती नसते. त्याला सीईटी नसते, डिप्लोमाच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. मंजूर क्षमतेवर जादा दहा टक्के जागा आमच्यासाठी असतात, शिवाय पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागाही आमच्यातून भरल्या जातात. बारावीवरून आलेल्या कुणाची जागा आम्ही घेतलेली नसते. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण वर्गात पहिल्या आठवड्यात मला हाच प्रश्न विचारला गेला.

अडचण सगळी वेळेची आहे. फॉर्म, कागदपत्र पडताळणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम देणारा ऑप्शन फॉर्म आणि मग 'कॅप'ची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, एकेक फेरी. हे चालू असताना दुसऱ्या वर्षाचे नियमित वर्ग कधीच सुरू झालेले असतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा मी बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत याहून बरं कॉलेज मिळावं म्हणून, ठेवली होती, पुढच्या फेरीत पुणं मिळालं. मी वर्गात जाऊन बसले तेव्हा सप्टेंबर निम्मा सरला होता. बाकीच्यांच्या जर्नलमध्ये चार-पाच प्रॅक्टिकल तपासून झाली होती, मिनी प्रोजेक्टचे गट पडले होते आणि पहिली युनिट टेस्ट पुढच्याच सोमवारी होती.

त्यातही गणिताचं दुखणं सगळ्यांत मोठं. डिप्लोमात आम्हाला गणित असतं ते पहिल्या दोन सेमिस्टरला. मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स. पुढची दोन वर्षं बिल्डिंग ड्रॉइंग, सर्व्हे, काँक्रीट, एस्टिमेट, साइटवरचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग यांत जातात आणि गणिताचं पुस्तक उघडावं लागत नाही. पार्शल डिफरन्सिएशन आणि डबल इंटिग्रल आमच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. बारावीवरून आलेली मुलं ते इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकतात आणि एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, त्यावरच उभं असतं. माझ्या पहिल्या तासाला व्हेक्टर कॅल्क्युलस चालू होतं. सरांनी फळ्यावर वळवलेल्या शेपटीचा 'डी', म्हणजे पार्शल डेरिव्हेटिव्हचं चिन्ह, काढला, त्याच्या खाली एक्स लिहिला, आणि साठ जणांनी तो वहीत उतरवून घेतला. मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, हा साधा 'डी' नाही का? तिने बिचारीने तास संपल्यावर कॅन्टीनमध्ये बसून वाय आणि झेड स्थिर धरायचे म्हणजे काय ते मला तीन उदाहरणांतून समजावलं. माझ्या बॅचमधल्या डिप्लोमाच्या इतर मुलांची गतही हीच होती. त्यांतला एक जण तर त्याच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिला आलेला होता.

नंतर त्याच सरांनी आम्हा डिप्लोमाच्या मुलांना सकाळी कॉलेज भरण्याआधी तासभर बोलवायला सुरुवात केली. वेळापत्रकात तो तास नव्हता, त्याचं त्यांना मानधन नव्हतं. पार्शल डेरिव्हेटिव्हपासून त्यांनी गाडी सुरू केली आणि दिवाळीपर्यंत आम्हाला वर्गाच्या बरोबरीने आणून सोडलं. एम-थ्री मी सुटले ती त्या तासांमुळे. पण हे एका माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं का? शेजारच्या कॉलेजात गेलेल्या माझ्या मैत्रिणीला असे सर भेटले नाहीत, तिचा तो विषय राहिला. काही स्वायत्त संस्था सोडल्या तर डिप्लोमाचा अभ्यासक्रम राज्यभर एकच आहे. कोणता भाग झालेला नसतो हे सर्वांना ठाऊक आहे. मग दाखल झाल्यावरचे पहिले दोन आठवडे हा भाग शिकवणारे तास प्रत्येक कॉलेजच्या वेळापत्रकात छापील का असू नयेत?

हजेरीचं तर फारच मनाला लागलं. नियम 75 टक्क्यांचा आहे आणि तो असायलाच हवा. पण आमच्या कॉलेजच्या संगणकात हजेरी मोजली जात होती सत्राच्या पहिल्या दिवसापासून. ज्या दिवशी माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्या दिवसांचीही गैरहजेरी माझ्या नावावर लागली. एक तास न चुकवता मी डिफॉल्टर यादीत होते आणि तसा मेसेज थेट गावाकडे वडिलांच्या मोबाइलवर गेला. ते रानात होते, सोयाबीनची काढणी चालू होती. तिथून त्यांचा फोन आला, "बाई, कॉलेजला जात न्हाईस का तू?" आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. आमच्या घरातून इतकं लांब शिकायला आलेली मी पहिलीच. क्लास टीचर मॅडमनी ऑफिसात स्वतः जाऊन ती हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून लावून घेतली, त्याला महिना गेला. त्या महिन्यात मी घरी फोन करताना आधी त्या दिवशीचे तास सांगायचे आणि मग बाकीचं बोलायचे. प्रवेशाची तारीख संगणकात असतेच. हजेरी तिथून मोजायला कोणाच्या मेहेरबानीची गरज पडू नये.

उशिरा येण्याचा पैशाशीही संबंध आहे, तो शहरात बसून लक्षात येत नाही. जुलै 2024च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. त्यामुळेच मी पुण्याला येऊ शकले आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण सप्टेंबरात वसतिगृह भरलेलं असतं. मग कॉट बेसिसवर (एका खाटेपुरती भाड्याने) खोली, तिचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे हे सगळं एकदम येतं, आणि आमच्याकडे सोयाबीन अजून शेतात उभं असतं. पैसा येतो तो दसऱ्यानंतर. वसतिगृहातल्या काही खाटा थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी प्रवेश संपेपर्यंत राखून ठेवल्या, तर कितीतरी घरांना सावकाराचं तोंड पाहावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचे रोल नंबर शेवटी लागतात, म्हणून आम्ही सगळे एकाच, शेवटच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये पडतो. मिनी प्रोजेक्टचे गट आधीच पडलेले, त्यामुळे उरलेल्यांचा एक गट होतो, तोही आमचाच. ओळखी व्हायच्या कशा? या सेमिस्टरला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलसाठी मॅडमनी बॅचेस मोडून नव्याने गट पाडले. मैदानावर ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, लावायची होती. बारावीवरून आलेल्या माझ्या गटातल्या मुलांनी ती पहिल्यांदाच हातात घेतली होती. मी ट्रायपॉडचे पाय मातीत रोवले, फूट स्क्रू फिरवून बबल मध्ये आणला, आयपीस आणि फोकस नीट करून पॅरॅलॅक्स (डोळा हलवला की खूण सरकल्यासारखी दिसणं) काढला आणि चार मीटरच्या स्टाफवर, म्हणजे उभ्या मोजपट्टीवर, पहिलं रीडिंग वाचून सांगितलं. मग एकेकाला शेजारी उभं करून तेच करायला लावलं. त्या दिवसापासून माझ्याकडे जर्नल मागायला मुलं येतात आणि मी त्यांच्याकडे गणिताच्या शंका घेऊन जाते. आमच्याकडे तीन वर्षांचं हाताचं काम आहे, त्यांच्याकडे गणिताचा पाया आहे. एकत्र बसवलं तर दोघांचाही फायदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गट पाडताना थोडा विचार केला तर हे पहिल्याच सेमिस्टरला होईल, त्याला एक रुपयाही खर्च नाही.

सीईटी कक्ष, तंत्रशिक्षण संचालनालय आणि विद्यापीठं या तिघांनी एकत्र बसून निकालाची, फेऱ्यांची आणि दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होण्याची तारीख एकमेकांशी जुळवावी. कॅपच्या फेऱ्या आधी आणता येत नसतील, तर तिसऱ्या सेमिस्टरचे वर्ग त्या संपल्यावर सुरू करावेत. यंदाच्या थेट द्वितीय वर्ष प्रवेशाचं वेळापत्रक निघेल तेव्हा त्यात वर्ग सुरू होण्याची तारीख आणि 'हजेरी प्रवेशाच्या दिवसापासून धरली जाईल' ही ओळ छापलेली असावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करते.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
(द्वितीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी), पुणे