चि. शर्वरीस, बोटीवर चढण्यापूर्वी

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू रागानंच ठेवलास. "जन्म मालवणच्या जेटीवर गेला तुमचा, आणि पाण्याला तुम्हीच भिता बाबा?" असं म्हणालीस. तुझी आई शेजारी पावटे सोलत होती, ती नुसती हसली, म्हणजे तुझ्याच बाजूनं. फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही, मध्येच तुझी मीटिंग लागते, म्हणून कागद घेतला. गौरव फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर टाकेल. ओवीचा विषय या पत्रात काढायचा नाही असं आईनं माझ्याकडून वदवून घेतलंय. तर तो काढत नाही.

तुमच्या शिडाच्या बोटीच्या सफरीचा सौरभरावांनी पाठवलेला मार्ग मी मोठ्या कागदावर उतरवून घेतला. थायलंडमधलं फुकेत, फांग-न्गाचं आखात, फी फी, मग मूक, लिपे, तारुताओ ही बेटं आणि शेवटी मलेशियातलं लंकावी. सरळ रेषेत सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास भरतं, तुम्ही वळसे घेत जाणार. डिसेंबर निवडलात हे उत्तम केलंत. त्या किनाऱ्याचा आणि आपला पाऊस एकच, नैर्ऋत्येचा. मे ते ऑक्टोबर तिकडचा दर्याही खवळलेला असतो. नंतर वारा ईशान्येचा, जमिनीकडून येणारा, आणि बेटाच्या आडोशाला पाणी निवांत. जुलै 2018 मध्ये फुकेतजवळ पर्यटकांची बोट बुडून 47 माणसं गेली, ती ऐन पावसाळ्यात. आपल्याकडे मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद व्हायच्या तेव्हा पाहुणे माझ्याशी हुज्जत घालायचे, "अहो, ऊन तर पडलंय की!" ऊन बघून होडी सोडायची नसते. पण हे तुला काय सांगायचं, त्या हुज्जती ऐकत माझ्या टेबलाशी तू पाढे पाठ केलेस.

भरतीचं गणित आठवतं का? तिथीला पाऊणनं गुणायचं की पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते आपल्या किनाऱ्याचं गणित, तिकडच्या घड्याळात बसणार नाही. बंदर बदललं की वेळ बदलते, तेव्हा तिथला भरतीचा तक्ताच घ्या. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे पाण्याची कमी चढउतार, तिकडेही चुकायचा नाही. कालनिर्णय सोबत ठेव, हसू नकोस.

हे सांगण्याचं कारण फांग-न्गातल्या त्या गुहा. बेटाच्या पोटात चहूबाजूंनी कडे आणि मध्ये आभाळाला उघडं तळं. आत जायची वाट समुद्रातल्या गुहेतून, तीही पाणी उतरलेलं असताना. भरती लागली की गुहेचं छत कयाकमधल्या माणसाच्या डोक्याशी येतं आणि वाट मिटते. मूकच्या त्या पाचूगुहेत तर ऐंशी-एक मीटर अंधारातून पोहत जायचं. मी यूट्यूबवर सगळं बघितलं. तेव्हा आत शिरण्याआधी बाहेर कधी पडायचं ते ठरवा. नीलला पुढे सोडू नका, तो थांबत नाही. आणि तिथला नावाडी 'आता नको' म्हणाला तर नको. पैसे भरलेत म्हणून त्याच्यापाशी वाद घालायचा नाही. सुशिक्षित माणसाला 'नको' ऐकायची सवय नसते, हे मी जेटीवर जन्मभर पाहिलं. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, तळाशी पोवळं असेल तर नांगर टाकूच नका, सरकारी बोया असतील त्यांना बांधा. अंधार पडल्यावर एक मैलही सरकू नका, तिकडे मासेमारीची जाळी पसरलेली असतात, दोर पंख्यात गुंतला की इंजिन बसलं.

बघ, लागलो व्याख्यान द्यायला. माफ कर. सौरभराव परीक्षा देऊन परवाना घेतलेले आहेत, मला ठाऊक आहे. तू शीड चढवतेस तो व्हिडिओ मी वाडीत सगळ्यांना दाखवला, पोस्टमनलासुद्धा. दोर ओढताना जीभ दाताखाली धरतेस, अगदी नानांसारखी. आपल्या घरात सुकाणू हातात घेणारी बाई तू पहिली. नाना असते तर तोंडावर काही बोलले नसते, पारावर जाऊन मात्र तासभर सांगत बसले असते.

मुलांना पान्यी गाव नक्की दाखव. पाण्यात खांब रोवून त्यावर उभं केलेलं मुसलमान कोळ्यांचं गाव, आणि पोरांना फुटबॉल खेळायला तरंगतं मैदान. रात्री लांबवर हिरवे दिवे दिसतील, ते माकुल (स्क्विड) पकडणारे. हिरवा उजेड पाण्यात सोडला की माकुल वर येतं. ओवीला गंमत वाटेल. (इथे याच दिव्यांवरून काय रणं माजली! 2017 पासून एलईडीवर बंदी आहे, तरी रात्री वरच्या अंगणातून बघितलं तर क्षितिज जत्रेसारखं उजळलेलं.) तारुताओची गोष्ट नीलला आवडेल. तिथे कैद्यांचा तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धात रसद तुटली तेव्हा पहारेकरी आणि कैदी एक झाले आणि जाणारी-येणारी जहाजं लुटू लागले. इंग्रज आपल्या मालवणकरांनाही चाचेच म्हणायचे, हेही सांग. त्याला शाळेत सांगायला बरं.

रात्री म्हटलं आणि राहवत नाही. आईला सांगू नकोस.

दिवाळीत तू हसत हसत सांगितलंस की ओवी मध्यरात्री उठून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. डोळे उघडे, पण जाग नाही. तू हसलीस, मी हसलो नाही. तू सहा वर्षांची होतीस, शिमग्याचे दिवस. रात्री मागचं दार उघडं दिसलं म्हणून मी कंदील घेऊन बाहेर आलो, तर तू विहिरीच्या काठाला टेकून उभी. दाराची वरची कडी तुझ्या हाताला पोचत नव्हती, तू पाट लावून काढली होतीस. झोपेत! आईनं हाक मारली नाही, दचकशील म्हणून. हात धरून आणलं, पाय पुसले, निजवलं. सकाळी पाटीची जागा का बदलली म्हणून भांडलीस, बाकी काही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजीनं बाजारातून ते पैंजण आणले, खच्चून घुंगरांचे. शाळेत तुझ्या मैत्रिणी जळायच्या. हौसेनं घातलेत असंच तुला सांगितलं होतं. चौथीपर्यंत मी त्या आवाजावर झोपलो आणि त्या आवाजावर उठलो.

आता बोटीचे फोटो बघ. मुलांना दिलेल्या पुढच्या खोलीत पलंगाच्या बरोबर वर छताला चौकोनी झडप आहे. ओवी पलंगावर उभी राहिली, उशांवर चढली, की डोकं बाहेर. बाहेर आलं की समोर ती जाळी आणि कडेला दोन तारा. दोन तारांतून वासरूसुद्धा जाईल. तू म्हणतेस लाइफ जॅकेट आहे. झोपताना कोण घालतं जॅकेट? तू म्हणतेस झडप बंद ठेवू. नांगरावर उभ्या बोटीत उकडतं, रात्रभर एसी चालवायचा तर जनरेटर घुरघुरणार, मग कोणीतरी म्हणणारच, "जरा उघड गं." आणि पाण्यात पडलेलं माणूस तिथेच थांबत नाही, ओहोटी त्याला घेऊन जाते. तुम्ही जागे होऊन बघाल तेव्हा बोटीभोवती स्वच्छ पाणी असेल. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आई आता पत्र वाचून म्हणाली, "चेडू झोपेत चलता, आणि हे तेका बोटीर निजवतले?" म्हणजे हसली तरी तिच्याही पोटात तेच आहे. जाऊ नका असं आम्ही कोणीच म्हणत नाही. ओवीला तुमच्या खोलीत, दोघांच्या मध्ये निजवा. नील पुढे एकटा झोपेल, त्याला मोठं झाल्यासारखं वाटेल.

दुसरी एकच गोष्ट, मग संपवतो. फी फीचं गाव दोन उपसागरांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर आहे, 26 डिसेंबर 2004 ला पाणी दोन्हीकडून आत आलं. समुद्र अचानक मागे सरला तर शिंपले वेचायला धावायचं नाही, उंचावर पळायचं. तिकडच्या सुरिन बेटांवरचे मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक पूर्वजांकडून ऐकलेल्या याच खुणेवर वाचले. मुलांना एकदा सांगून ठेव, घाबरवू नकोस.

आणि नील फी फीच्या माया बेमध्ये पोहायचा हट्ट करेल. तो किनारा 2018 मध्ये पोवळं वाचवायला बंद केला होता, 2022 ला उघडला, पण बोटी आत नेत नाहीत, मागच्या बाजूला लावतात. तिथे आता लहान शार्क परतलेत, ते काठावरूनच बघायचे म्हणावं.

पैंजण आईनं चिंचेनं घासून ठेवलेत. घुंगरू दोन गळलेत, बाकी वाजतात. सावंतांची मुलगी पुढच्या आठवड्यात सिंगापूरला परततेय, तिच्याबरोबर पाठवतो. तिरफळं आणि सोलंही देतोय. बोटीवर गॅस असतो का, असं आई विचारते. मासे तिकडे मिळतील, तिरफळं मिळायची नाहीत.

सौरभरावांना नमस्कार. मुलांना पापे.

तुझे,
बाबा

ता. क. त्या झडपेला कडी आहे की नुसता टेकू, ते बोट ताब्यात घेतल्या दिवशी बघ आणि फोटो पाठव. फोटो आतून काढ.