बाजरीच्या ताटातली उत्क्रांती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त होईपर्यंत मी दहावीला विज्ञान शिकवलं. भाग २ चं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. फळ्यावर जिराफ काढायचा, लामार्क सांगायचा, मग डार्विन. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट, असं समजून मुलं घरी जायची. ती त्यांच्या बापाच्या शेतातही चालू असते हे मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते उमगलं नव्हतं. याची मनाला टोचणी आहे, म्हणून हे पत्र.

आफ्रिकेतल्या नायजर देशात १९७६ साली गावोगावच्या शेतकऱ्यांकडून बाजरीचं बी गोळा केलं होतं. तो सगळा टापू दुष्काळांनी होरपळलेला. २००३ साली त्याच गावांतून पुन्हा बी आणलं आणि दोन्ही शेजारीशेजारी पेरली. नंतरची बाजरी लवकर तयार झाली; तिची ताटं, म्हणजे उभी धाटं, आणि कणसं मात्र जरा लहान होती. एका जनुकाच्या फुलोरा लवकर आणणाऱ्या रूपाचं प्रमाणही मधल्या काळात वाढलेलं आढळलं. २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. कॅलिफोर्नियातल्या रानमोहरीचं १९९७ आणि २००४ चं बी असंच एकत्र लावलं, तेव्हा अवर्षणानंतरची रोपं आधी फुलली.

यात चमत्कार नाही. पाऊस लवकर उघडला की उशिरा निसवलेलं, म्हणजे उशिरा कणीस बाहेर पडलेलं ताट पळींज, बिनदाण्याचं राहतं. आधी निसवलेलं दाणा धरतं आणि पुढच्या पेरणीला त्याचंच बी जातं. कुठलंही ताट स्वतः बदलत नाही, शेतातल्या ताटांचं प्रमाण बदलत जातं. आमच्या सासूबाई उभ्या पिकातून शेंड्यापर्यंत भरलेली कणसं हेरायच्या, वेगळी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या. पाटोद्याकडे ऑगस्टात पावसाचा खंड ठरलेलाच. त्या खंडाने आणि सासूबाईंच्या हाताने मिळून ते बी घडवलं होतं.

आता पिशवीतलं संकरित बी येतं. उतारा चांगला मिळतो, आम्हीही तेच पेरतो. पण ते दरसाल नव्याने विकत आणायचं, त्यामुळे आमच्या रानाने त्यातलं काय निवडलं ते पुढे जातच नाही. शीतगृहात बी राखणं गरजेचंच आहे, तरी तिथे ते आहे तसंच राहतं. बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला ते रानात पडावं लागतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाला माझी विनंती आहे: मराठवाड्यातल्या गावरान बाजरी-ज्वारीचं बी गाव आणि साल लिहून राखावं, आणि त्यातलंच थोडं त्या त्या गावातल्या शेतकऱ्यांकडून दरवर्षी पेरून घ्यावं. वीस वर्षांनी दोन्ही शेजारी लावता येतील. जिल्हा परिषदेच्या शाळांनी एक वाफा दिला, तर जिराफाचं चित्र काढावं लागणार नाही.

सासूबाईंच्या बियाची बाजरी माझ्या जावेने बांधालगत चार ओळींत अजून राखली आहे. यंदाच्या सुगीत त्यातली काही कणसं मी तारखेची चिठ्ठी घालून बरणीत ठेवली. विद्यापीठातून कुणी आलं, तर त्यातली निम्मी देईन.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, ता. पाटोदा, जि. बीड