वाकळेचा टाकाही छापा की!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोधडीवर पानभर मजकूर आला होता. फोटो छान. पण 'माया' चार वेळा, 'ऊब' सात वेळा (पेन्सिलीनं खुणा करून मोजलं) आणि सुई-दोऱ्याचं नाव एकदाही नाही. चाळीस वर्षं मी वाकळा शिवतेय. आमच्या कराडकडं वाकळच म्हणतात. नात झालीय, म्हणजे तुमच्या लेखातली ती आजी मीच. तेव्हा सांगते, माया कितीही असो, धावदोरा (सुई वरखाली करत घातलेला साधा टाका) ओढून धरलात की वाकळ आक्रसायची ती आक्रसतेच.

सासूबाईंची पद्धत अशी. खाली जुनं नऊवारी लुगडं दुमडून, मधे धोतराचे नि परकराचे तुकडे, वर दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचं, हातभर अंतरावर मोठे टाके घालून टाचून घ्यायचं, मग कडेपासून धावदोरा सुरू. एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी. यात गोम अशी, की कापडाचा सैलपणा फेरीगणिक आत सरकत जातो आणि शेवटी बरोबर मध्यावर फुगा येतो. सासूबाई म्हणायच्या, "गरवार झाली बघ तुझी वाकळ!" आणि टाके उसवायला लावायच्या. मला त्या फुग्याचा उपाय कित्येक वर्षं सापडला नव्हता.

सापडला तो कर्नाटकातल्या दांडेलीला. धाकटी बहीण तिकडं दिलीय. तिकडच्याच हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती तिनं दाखवायला नेली. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडं आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांची घरातली बोली कोकणीच्या अंगानं जाणारी, त्यामुळं माझं मराठी त्यांना निम्मंशिम्मं कळत होतं, उरलेलं हातवाऱ्यांवर. त्या बायका ठिगळं आधी जोडून घेतच नाहीत. खाली अखंड साडी, एका कोपऱ्यापासून सुरुवात. ठिगळ ठेवलं, त्याची कड नखानं आत दुमडली, धावदोऱ्यात घेतली, की पुढचं ठिगळ त्याच्यावर थोडं चढवून ठेवायचं. अशा फेऱ्या घेत मध्यापर्यंत. कापड सैल पडलं तर पुढच्या ठिगळाखाली मुरून जातं, फुग्याला जागाच नाही! चारी कोपऱ्यांना घड्या घालून केलेली तिकोनी 'फुलं' लावतात. मी विचारलं, ही नाही लावली तर? एकजण हसून म्हणाली, मग ती उघडीनागडीच की.

घरी येऊन नातीसाठी एक छोटी करून बघितली. वरून फक्कड जमली. पण अस्तराला नवा मांजरपाट घेतला आणि घाईत न धुताच लावला. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढतो, त्यात तीही गेली. अस्तर आटलं, वरची जुनी ठिगळं काही आटली नाहीत, आणि वाळत घातली तर भाजलेल्या पापडासारखी. चूक माझीच. नवं कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच घ्यावं, हे पोरीबाळींना सांगणारी मीच होते.

सुनेनं मोबाईलवर जपानी साशिको दाखवलं. तेही धावदोऱ्याचंच काम. त्यातली एकच गोष्ट उचलली, पण लाखाची. ओळ संपवून वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा लहानसा फास सैल सोडायचा, म्हणजे धुतल्यावर कोपरा ओढला जात नाही. आम्ही वळणावर कचकन ओढायचो! बंगालच्या कांथासारखा (तिकडची गोधडीच ती) साडीच्या काठातून दोरा काढायचाही नाद केला. तिकडच्या बायका पूर्वी असाच काढायच्या. माझ्या जुन्या इरकलीच्या काठातला दोरा वीतभर निघाला की तुटायचा. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं, सरळ दुकानातलं सुती रीळ आणलं.

मशीनवरही शिवून पाहिली, कारण ऑर्डरवाल्यांना घाई असते. पण मशीनचे दाते खालचं कापड पुढं नेतात, वरचं मागं रेंगाळतं, आणि सिंथेटिक साडी असली तर विचारूच नका. त्याला मशीनचा वेगळा फूट (कापड दाबून धरणारा पाय) मिळतो म्हणतात. मिळेना का, मला हातानंच बरं वाटतं.

तर विनंती अशी, की पुढच्या वेळी गोधडीवर लिहाल तेव्हा टाक्याचं चित्र छापा. सुई कुठून आत, कुठून बाहेर, फेरीत अंतर किती. आणि वाचकांना एक विचारायचं आहे. खानदेशातल्या एका पाहुणीकडं मी एक गोधडी पाहिली, तिला दोन्ही बाजूंनी कुठं गाठच दिसत नव्हती. मी ती उलटीसुलटी करून, चष्मा लावून बघितली. दोरा संपला की ती बाई नवा कसा जोडत असेल? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आपल्या याच सदरात कळवावं, पुढची वाकळ मी तेवढ्यासाठी अडवून ठेवलीय.

आपली एक वाचक,
कराड, जि. सातारा